भैरोबासमोरचं कुत्रं

"कुत्रं कुठल्या रंगाचं होतं?" इन्शुरन्सच्या सर्वेअरनं विचारलं.

"काळं," मी म्हटलं, आणि त्याच दमात माझा प्रल्हाद म्हणाला, "पांढरं."

सर्वेअरनं पेन फॉर्मवर आडवं ठेवलं. आमच्या दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. मग बशीतला चहा फुंकून एक घोट घेतला आणि वाट बघत बसला.

"पांढऱ्यावर काळे ठिपके होते," प्रल्हाद म्हणाला. तो लहानपणापासून असाच. पाटीवरचं पुसायला गेला की सगळी पाटी बरबटून ठेवायचा.

माझी सून उज्ज्वला स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. गाडी तिच्या हातात होती, तेव्हा कुत्रं दिसायचं तर तिला दिसायला हवं होतं. पण गुरुवारपासून ती घरात काहीच बोलली नव्हती, आणि तो दिवस शनिवारचा होता.

आता हे कुत्रं आमच्या घरात कुठून शिरलं ते सांगते. नऊ वर्षं झाली त्याला.

मी शेवंता जगदाळे. तिसरीतून बापानं उठवली, त्यामुळं मोठं अक्षर वाचता येतं आणि बारीक अक्षर दुसऱ्याकडून वाचून घेते. आमचं मसाला कांडपाचं दुकान आहे. तालुक्यातली निम्मी चटणी आमच्या डंकाखालून जाते. मी कुणाला 'चुकलं माझं' म्हटल्याचं आमच्या गल्लीत कुणी ऐकलेलं नाही. माझ्या मालकांनीही ऐकलं नाही. ऐकायची इच्छा मनात ठेवूनच बिचारे गेले.

ते गेल्यावर सगळं माझ्या नावावर आलं. घर, डंक, गॅसचं पुस्तक, आणि पुढं गाडी घेतली तेव्हा गाडीसुद्धा. प्रल्हादच्या नावावर फक्त उज्ज्वला होती.

गाडी चालवायला नवराबायको एकाच महिन्यात शिकली. उज्ज्वलाला पहिल्या फटक्यात लायसन मिळालं. प्रल्हादला तिसऱ्या. हे त्याच्यासमोर बोलायचं नाही, असं घरात कुणी ठरवलेलं नव्हतं, पण मी सोडून कुणी बोलायचं नाही.

उज्ज्वला लग्नाआधी नर्सचा कोर्स करून आली होती. त्या कोर्सवर तिनं अकरा वर्षं आमच्याकडं मिरच्या कांडल्या. तोंडाला टॉवेल बांधून ती वजनकाट्यावर बसली की गिऱ्हाईक हुज्जत घालायचं नाही. त्या वर्षी तिनं गुपचूप कुठला तरी अर्ज भरला, आणि ऐन एप्रिलात, बाहेर मिरचीची पोती लागलेली असताना, सरकारी कागद आला. धोंडेवाडीच्या उपकेंद्रात सिस्टर म्हणून नेमणूक. चोवीस किलोमीटर. सोमवारी सकाळी नऊच्या आत हजर व्हायचं, नाहीतर यादीतलं पुढचं नाव. तिकडं जाणारी एसटी एकच, आणि ती अकराला पोचायची, तीही पोचायची ठरवली तर. म्हणजे जायचं तर आमच्या गाडीनं.

"आई, मी जाणार आहे," उज्ज्वला मला म्हणाली. 'जाऊ का' नाही. 'जाणार आहे.'

मी नको म्हटलं नाही. मी फक्त तीन दिवस रात्रीची जेवले नाही. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की त्यानं कुणाचं काही अडत नाही, भाकरी उरते आणि सकाळी म्हशीला जाते. मग मी वेगळा मार्ग घेतला. म्हटलं, जायचंय ना, मग गुरुवारी एकदा रस्ता बघून ये, आणि मीही येते बरोबर. बघू दे मला कशी चालवतेस.

आमच्या वेशीबाहेर भैरोबाचं देऊळ आहे. रस्त्याला इतकं खेटून की एसटीच्या खिडकीतून हात काढला तर घंटा वाजवता यावी. समोर दगडाची दीपमाळ, तिचा चौथरा रस्त्यातच आलेला. आमच्या घराची रीत अशी की भैरोबापुढून हात न जोडता कुणी जायचं नाही. चालत असो, गाडीत असो, मांडीवर पोर असो. मालक बैलगाडी हाकायचे तेव्हा देऊळ आलं की कासरा सोडून दोन्ही हात जोडायचे, डोळे मिटायचे. बैल आपोआप थांबायचे. गुरव त्यांना नैवेद्याची भाकरी घालायचा म्हणून थांबायचे, भक्ती वगैरे काही नाही. पण मालकांना वाटायचं देवानं धरली गाडी. पुढं ते लुनावर फिरायला लागले, तेव्हाही एक हात सोडायचेच. दोनदा गटारात गेले. देवाला कधी बोल लावला नाही, लुनाला लावला.

तर गुरुवारी देऊळ आलं. मी म्हटलं, "हात जोड." तिनं जोडले. आणि गाडी कुणाचीही वाट न बघता सरळ जाऊन दीपमाळेच्या चौथऱ्यावर आदळली.

वेग काही फार नव्हता. सायकलवाल्यानं मागं टाकलं असतं. तरी पुढचा बंपर डाव्या बाजूनं दुमडला, दिवा फुटला, आणि माझ्या पिशवीतला नारळ पायाखाली जाऊन आपटून फुटला, तोही सरळ. गुरव धावत बाहेर आला. दीपमाळेभोवती एक चक्कर मारली, चुना कुठं उडालाय का ते पाहिलं, उडाला नव्हता. मग आत गेला. आम्हाला लागलंय का, हे विचारायचं राहिलंच.

घरी आल्यावर मी प्रल्हादला हेच सांगितलं. देवाला हात जोडले तिनं, त्यात गाडी गेली.

प्रल्हादनं गाडीभोवती चार चकरा मारल्या. मग त्यानं उज्ज्वलाच्या हातातली किल्ली घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली. "चालत्या गाडीत स्टेअरिंग सोडणारी बाई रोज अठ्ठेचाळीस किलोमीटर जाणार," तो म्हणाला. "सोमवारी नाही आणि कधीच नाही."

उज्ज्वलानं माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मी वाट बघत उभी राहिले. ती काय बोलेल त्याला माझ्याकडं उत्तर तयार होतं, एक सोडून चार. पण ती आत गेली आणि भांडी घासायला बसली. तयार उत्तर तोंडात तसंच राहिलं की कसं होतं, ज्याचं राहिलंय त्यालाच ठाऊक.

संध्याकाळी प्रल्हादनं इन्शुरन्सवाल्यांना फोन लावला. आधी अर्धा तास गाणं वाजलं. मग एक पोरगी बोलायला लागली, आवाज गोड, जणू आमच्या घरी बारसं आहे. पॉलिसी कुणाच्या नावावर, विचारलं. शेवंताबाई यशवंत जगदाळे. गाडी कोण चालवत होतं. उज्ज्वला प्रल्हाद जगदाळे. कुणाला इजा. नाही. समोरची गाडी कुठली.

"समोर गाडी नव्हती," मी मधेच म्हटलं. "समोर भैरोबा होता."

बहुधा तिच्या यादीत भैरोबा नसावा. मग तिनं विचारलं, अपघात कसा झाला.

मी प्रल्हादकडं पाहिलं. प्रल्हादनं भिंतीकडं पाहिलं. आणि म्हणाला, "कुत्रं आडवं आलं."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, कसलं कुत्रं. तर म्हणे बाजारातल्या सगळ्यांचं हेच असतं. चालवणारीनं आपल्या हातानं स्टेअरिंग सोडलं असं सांगितलं तर फाईल तिथंच बंद. कुत्रं म्हटलं की कुणाचीच चूक नाही. कुत्र्याला नोटीस जात नाही, साक्षीला बोलावत नाहीत. मला पटलं. खोटं कशाला सांगू, मला सगळंच पटत होतं. गाडी दुरुस्त होणार, किल्ली प्रल्हादच्या खिशात, सून काट्यावर. बाहेर लवंगी मिरचीची सोळा पोती. शुक्रवारी मी दोन्ही वेळा पोटभर जेवले.

त्या शुक्रवारी उज्ज्वला दिवसभर काट्यावर होती. टॉवेल बांधलेला, वर नुसते डोळे. वजन सांगायची तेवढंच बोलायची. दुपारी मी आत आले तर तिनं फॉल लावून आणलेल्या दोन पांढऱ्या साड्या इस्त्री करून घडी घालून ठेवल्या होत्या, त्या ती ट्रंकेच्या तळाला घालत होती, वरती गोधड्या. मला बघून थांबली नाही. सावकाश कडी लावली आणि पुन्हा काट्यावर जाऊन बसली. ही आता भांडेल, मग भांडेल, असं मी संध्याकाळपर्यंत धरून चालले होते. अकरा वर्षांत माझ्याशी एकदाही न भांडलेल्या बाईकडून मी कशाची वाट बघत होते कुणास ठाऊक.

शनिवारी सर्वेअर आला. अत्तार नावाचा, सांगलीचा, किडकिडीत माणूस. मोटारसायकलवरून उतरला आणि उतरल्या उतरल्या सात शिंका दिल्या. आमच्याकडं येणारा प्रत्येक जण शिंकतो, मिरचीची हवा आहे, पण सात म्हणजे जास्तच. गाडीचे फोटो काढले, खाली वाकून बघितलं, बंपरवर लागलेला चुना नखानं खरवडून पाहिला. मग बैठकीत येऊन फॉर्म उघडला आणि कुत्र्याचा रंग विचारला.

इथंवर आपण आधी आलोच होतो.

प्रल्हादचे ठिपके ऐकून झाल्यावर अत्तारनं बशी खाली ठेवली. "मी येताना देवळापाशी थांबलो होतो," तो म्हणाला. "गुरवाला विचारलं. देवळात एक कुत्रं आहे. तांबडं आहे, एका पायानं लंगडं आहे, आणि गुरव म्हणतो नैवेद्याला हाक मारली तरी ते सभामंडपातून उठत नाही."

"दुसरं असंल," मी म्हटलं. "बाहेरगावचं."

"अक्का, महिन्याला माझ्याकडं चाळीस अपघात येतात. तीसमध्ये कुत्रं असतं. मी आता नुसता रंग विचारतो, बाकी काही विचारत नाही." मग तो उज्ज्वलाकडं वळला. आवाज मऊ करून म्हणाला, "ताई, चालक तुम्ही. सही तुमची लागणार. काय लिहू?"

प्रल्हाद म्हणाला, कुत्रंच लिहा, रंग लिहू नका.

"कुत्रं नव्हतं," उज्ज्वला म्हणाली.

दोन दिवसांनी तोंड उघडलं, आणि ते हे.

प्रल्हादनं तिला गप्प राहायला सांगितलं. ती गप्प राहिली नाही, पण आवाजही चढवला नाही. दवाखान्यात पेशंटला सांगतात तसं म्हणाली, "सही मी करायची आहे ना. मग कुत्रं नव्हतं."

अत्तारनं विचारलं, मग काय झालं.

"स्टेअरिंगवरचा हात सुटला."

"कसा सुटला?"

"सुटला."

त्यानं परत विचारलं. तिनं परत तेच सांगितलं. तो तिच्याकडं बघत राहिला, मग माझ्याकडं, मग पुन्हा तिच्याकडं. शिंकला. आणि लिहायला लागला. चालकाचा निष्काळजीपणा, असे मोठे शब्द त्यानं लिहिताना तोंडानं उच्चारले.

"बघ," प्रल्हाद मला म्हणाला. "आपल्या तोंडानंच कबूल करतेय. सोमवारी कळवून टाकतो तिकडं, येत नाही म्हणून. दुसरी कुणी घ्या म्हणावं."

आता वर तुम्हाला मी जे सांगितलं ना, मी हात जोड म्हटलं आणि तिनं जोडले, ते मी त्या दिवशी घरी सांगितलं तेच. आता झालं ते सांगते.

देऊळ आलं. मी म्हटलं, हात जोड. तिनं मान लववली आणि म्हणाली, "आई, नमस्कार केला मी. गाडी चालवताना हात नाही सोडता येत." मी म्हटलं, सोडता येत नाही म्हणजे काय, या घरात सगळ्यांनी सोडलेत. तर ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "नाही."

नुसतं 'नाही'. 'आई' सुद्धा नाही मागं.

अकरा वर्षांत पहिला नकार. आणि तो भैरोबासाठी नव्हता, माझ्यासाठी होता, हे तिला कळत होतं आणि मलाही. आज गाडीत नाही म्हणतेय, सोमवारी दारातनं नाही म्हणेल, पुढच्या महिन्यात काट्यावर. मी तिचा डावा हात मनगटाला धरला आणि ओढला. जोराचा ओढला. चाळीस वर्षं डंकाला पोती लावलेला हात आहे माझा. स्टेअरिंग तिच्या दुसऱ्या हातात गर्रकन फिरलं आणि आम्ही चौथऱ्यावर.

हे तिनं सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. पटवून दिलं असतं सगळ्यांना. गल्लीतल्या चार बायका माझ्या बाजूनं उभ्या केल्या असत्या, त्यांनी गाडी आतून कधी बघितली नसली तरी. तेवढी तयारी माझी होती. पण ही बाई सांगत नव्हती. 'सुटला' म्हणत होती. माझी चूक उचलून आपल्या पदरात बांधून घेत होती, जणू मी म्हातारी झाले, जणू मला आता सांभाळून घ्यायला हवं, माझ्यापुढं जरा आवाज कमी करायला हवा. माझ्या नावच्या गाडीच्या कागदावर, माझ्या बैठकीत बसून, माझी सून माझ्यावर दया करत होती.

मला कुणी काही केलेलं चालतं. दया केलेली चालत नाही.

"साहेब, थांबा," मी म्हटलं. "लिहा. तिला हात जोडायला मी सांगितलं."

अत्तारनं मान वर केली. मग खाली घालून लिहिलं आणि वाचून दाखवलं. "सासूबाईंच्या सांगण्यावरून चालकाने देवास नमस्कार करण्यासाठी हात सोडले." ठीक आहे का, म्हणाला.

उज्ज्वला फरशीकडं बघत होती. ठीक असणार नव्हतंच. त्या वाक्यात हात अजून तिनंच सोडले होते. मी फक्त शेजारी बसून धर्माचं काही तरी सांगितलं होतं, चांगल्या घरातल्या म्हाताऱ्या सांगतात तसं. वाचायला छान वाटत होतं. मी तिथं थांबले असते तर कुणाला कळलं नसतं, एक ती सोडून. आणि ती आयुष्यभर बोलली नसती.

"खोडा ते," मी म्हटलं.

"काय खोडू?"

"सगळं. तिनं हात सोडले नाहीत. ती नाही म्हणाली. मी तिचा हात धरून ओढला."

प्रल्हाद उभा राहिला. "आई, तुला कळतंय का काय बोलतेयस?"

"तुझ्यापेक्षा जास्त कळतंय. तू कुत्र्यावर ठिपके काढत बस."

अत्तारनं पेन बोटात फिरवलं. अडचणीत पडला होता बिचारा. हे चालकाचं निवेदन आहे, म्हणाला, यात चालकानं लिहायचं, सासूला रकाना नाही. मी म्हटलं, मग काढा एक. त्यानं बॅगेतून कोरा कागद काढला. काढला, पण लिहायच्या आधी मला नीट समजावून सांगितलं. असं लिहिलं तर वरचा साहेब अडवू शकतो. शेजारी बसलेल्या माणसानं चालकाचा हात ओढला म्हणजे साधा अपघात राहात नाही. क्लेम मिळेल न मिळेल, त्याच्या हातात नाही. त्यापेक्षा आधीचं वाक्य बरं होतं, देवाचं होतं, देवाला कुणी जास्त प्रश्न विचारत नाही.

प्रल्हाद लगेच म्हणाला, देवाचंच राहू द्या.

"देवानं काय केलं?" मी म्हटलं. "तो दगडाचा, जागचा हललेला नाही. लिहा साहेब. मी, शेवंता यशवंत जगदाळे."

त्यानं लिहिलं. मी सांगत गेले, तो लिहीत गेला, मधे दोनदा शिंकला तेव्हा अक्षर उडालं. 'मनगट' लिहा म्हटलं, हात नुसता नको. 'जोराने' लिहा म्हटलं. शेवटी त्यानं विचारलं, कारण काय लिहू, का ओढला. त्याला मी म्हटलं, रागानं. कुठल्या रागानं, असं विचारायचं त्याच्या तोंडावर आलं होतं, पण शहाणा माणूस, विचारलं नाही. 'रागाने' एवढंच लिहिलं.

सही करायला मला वेळ लागतो. 'शे'ची मात्रा नीट येते, 'व'ला अनुस्वार द्यायचा राहतो, तो मागून देते. कुणी घाई केली तर पहिल्यापासून परत करते. त्या दिवशी कुणी घाई केली नाही. सही झाली आणि मी कागद उज्ज्वलाकडं सरकवला. तिनं उभ्या उभ्या सगळा वाचला. बारीक अक्षरसुद्धा, जे मी वाचू शकले नसते. आता ही रडेल, पाया पडेल, 'आई असं कशाला' म्हणेल, असं मला वाटलं आणि मी पाय मागं घेतले.

ती अत्तारला म्हणाली, "हे बरोबर आहे. पण एक राहिलंय. हात ओढल्यावर मी ब्रेक लगेच दाबायला पाहिजे होता. मी त्यांच्याकडं बघत बसले. एखादं सेकंद गेलं. तेही लिहा."

"ताई, कशाला," अत्तार म्हणाला.

"गाडी मी चालवत होते."

त्यानं तेही लिहिलं. तिनं खाली सही केली, झरझर, एका रेघेत.

मी आयुष्यात पहिल्यांदा चूक कबूल केली होती, आणि त्या बाईनं ती अख्खी मला घेऊसुद्धा दिली नाही.

प्रल्हाद कागदाकडं बघत होता. मग त्यानं खिशातून किल्ली काढली. माझ्यापुढं धरली. सवयीनं. घरातली प्रत्येक किल्ली आधी माझ्याकडं येते.

"मला काय देतोस," मी म्हटलं. "मला चालवता येते का?"

तो तसाच हात पुढं करून उभा राहिला. उज्ज्वलानं पुढं होऊन किल्ली घेतली. त्याच्याकडं न बघता घेतली, माझ्याकडं न बघता घेतली. कमरेला खोचली आणि अत्तारला विचारलं, बंपर तात्पुरता बांधून गाडी चालवली तर चालेल का. तो म्हणाला, फोटो काढून झालेत, माझी काही हरकत नाही, पण दिवा फुटलाय, अंधार पडायच्या आत परत या.

"पाचला सुटते," ती म्हणाली.

क्लेमचं काय झालं म्हणाल तर दोन महिन्यांनी एक पत्र आलं. त्यात काही मंजूर होतं, काही नामंजूर होतं, आणि का ते आमच्या गल्लीतल्या वकिलालाही लागलं नाही.

सोमवारी सकाळी साडेसातला तिनं पांढरी साडी नेसली. गोधड्यांच्या खालून काढलेली, घडीच्या रेघा तशाच. बंपर प्रल्हादनं रविवारी पोत्याच्या सुतळीनं बांधून ठेवला होता. सांगितलं नव्हतं कुणी, बांधला होता. "येते, आई," म्हणाली. मी म्हटलं, ये. गाडी गल्लीच्या टोकाला वळली, मागचा इंडिकेटर दाखवून वळली, आणि गेली.

मी टॉवेल तोंडाला बांधला आणि काट्यावर बसले. अकरा वर्षांत मी त्या पाटावर बसले नव्हते. गुडघे कुरकुरले. पहिली आली ती वरच्या आळीची सुलाबाई घाटगे, जिला मिरचीपेक्षा बातमी जास्त लागते. पोतं टेकवायच्या आधी म्हणाली, अगं, सून कुठाय तुझी. मी म्हटलं, कामावर गेली, धोंडेवाडीला, सिस्टर आहे ती. गाडीनं गेली होय, म्हणाली. मी म्हटलं, हो. कोण चालवतं. ती चालवते.

"पण गाडी तर आपटली म्हणं भैरोबापाशी," सुलाबाई खाली वाकून, आवाज मऊ करून म्हणाली. "सुनेनं आपटली ना?"

मी टॉवेल खाली ओढला.

"मी आपटली," मी म्हटलं. "तुझी मिरची किती किलो आहे ते बोल."